मराठी भाषकांचे कोरियन स्वयंअध्ययन

शिक्षक अथवा वर्ग यांच्या मदतीविना, पुस्तके, ध्वनिमुद्रणे आणि महाजालावरील साधने यांच्या आधारे मराठी भाषक व्यक्ती कोरियन भाषेचा जो आरंभीचा अभ्यास करते, त्याचे स्वरूप प्रस्तुत लेखात मांडले आहे. मोठ्या शहरांबाहेर, उदाहरणार्थ रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावी, ही भाषा शिकू पाहणाऱ्यास बहुधा हाच मार्ग उपलब्ध असतो. प्रचलित अभ्यासपुस्तके प्रामुख्याने इंग्रजीतून लिहिलेली असून ती इंग्रजी भाषकाच्या अडचणी गृहीत धरतात. मराठी भाषकाच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्याच्या सोयीही वेगळ्या आहेत.

पार्श्वभूमी

कोरियन ही दक्षिण व उत्तर कोरियाची राजभाषा होय. महाराष्ट्राशी तिचा अलीकडील संबंध मुख्यतः उद्योगांमुळे आला. रोह्यापासून जवळच, माणगाव तालुक्यातील विळे भागाड औद्योगिक क्षेत्रात पॉस्को या कोरियन कंपनीचा पोलादी पत्र्यांचा कारखाना आहे. पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे एलजीचा कारखाना असून तळेगाव येथील जनरल मोटर्सचा जुना कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. दूरचित्रवाणी मालिका आणि संगीत यांमुळे तरुणांत निर्माण झालेली ओढ हे दुसरे कारण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये कोरियनचा नावानिशी उल्लेख आहे.

भाषा स्वतः शिकण्याची परंपरा या परिसराला परकी नाही. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा भावे यांनी कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी आत्मसात केली आणि वेलोरच्या तुरुंगात दक्षिणेतील चार भाषांचा अभ्यास केला. भारतीय भाषांनी आपापल्या लिपीबरोबर नागरी लिपीचाही वापर करावा, असा त्यांचा आग्रह होता. परकी भाषा जवळ आणण्यासाठी नागरीचा उपयोग कितपत होतो, हा प्रश्न कोरियन शिकणाऱ्यापुढेही पहिल्याच दिवशी उभा राहतो.

लिपी

कोरियन लिपीस 'हांगुल' म्हणतात. सेजोंग या राजाच्या कारकिर्दीत १४४३ मध्ये ती सिद्ध झाली व १४४६ मध्ये प्रसृत करण्यात आली. तत्पूर्वी कोरियात लेखनासाठी चिनी चित्राक्षरे वापरली जात व ती सामान्य जनांच्या आवाक्याबाहेर होती. नव्या लिपीस दरबारातील विद्वानांनी विरोध केला. शास्त्रार्थ लोकभाषेत आणल्यास विद्येची प्रतिष्ठा जाईल ही भीती ज्ञानेश्वरांच्या वाचकांना अपरिचित नाही. मूळच्या २८ वर्णांपैकी आज २४ मूलवर्ण वापरात आहेत : १४ व्यंजने आणि १० स्वर.

हांगुलची रचना मराठी विद्यार्थ्यास चटकन समजते, कारण वर्णांची उच्चारस्थानानुसार विभागणी त्याने क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग म्हणत लहानपणीच पाठ केलेली असते. हांगुलमध्ये मात्र हे शास्त्र वर्णांच्या आकृतीतही उतरले आहे. 'क' चे चिन्ह जिभेचे मूळ टाळूकडे उचलले जाते त्या स्थितीचे, 'न' चे चिन्ह वर टेकलेल्या जिभेच्या टोकाचे आणि 'म' चे चिन्ह मुखाचे द्योतक आहे. 'क' च्या चिन्हात एक रेघ वाढविली की 'ख' होतो. देवनागरीत 'क' आणि 'ख' यांचे नाते कानाला कळते, डोळ्यांना दिसत नाही. हांगुलमध्ये ते दिसते. वर्ण एकापुढे एक न लिहिता एका अक्षराचे स्वर-व्यंजन एका चौकटीत बसविले जातात. बाराखडी व जोडाक्षरे गिरविलेल्या हाताला ही पद्धत जड जात नाही. रोज तासभर सराव केल्यास आठवड्याभरात लिपी वाचता येते.

रोमन लिप्यंतरावर विसंबून राहणे ही स्वयंअध्ययनातील सर्वांत महाग पडणारी सवय होय. रोमन लेखनात काही कोरियन स्वरांसाठी दोन-दोन अक्षरे वापरावी लागतात व वाचणारा ती सुटी वाचतो. मराठी माणूस ज्याला 'सॅमसंग' म्हणतो त्या नावाचा कोरियन उच्चार 'साम्सॉङ' (तीन तारे) असा आणि 'ह्युंदाई'चा 'ह्यॉन्दे' (आधुनिक) असा आहे. देवनागरी त्या मानाने पुष्कळच बरी, परंतु तीही कुबडीच. या लेखात केवळ सोयीसाठी 'ऑ' हे चिन्ह 'ओ' हून अधिक उघड्या व ओठ न गोलावता उच्चारल्या जाणाऱ्या स्वरासाठी, ऱ्हस्व 'उ' हे ओठ न गोलावता उच्चारल्या जाणाऱ्या व मराठीत नसलेल्या स्वरासाठी, तर दीर्घ 'ऊ' हे नेहमीच्या गोलाकार स्वरासाठी योजले आहे.

उच्चार

मराठीत क, ख, ग, घ असा चार प्रकारांचा भेद आहे. कोरियनमध्ये तीन प्रकार आहेत : साधा, महाप्राण आणि घशावर ताण देऊन उच्चारलेला. 'क' आणि 'ग' हे तेथे भिन्न वर्ण नाहीत. एकच साधा वर्ण शब्दारंभी 'क' सारखा आणि दोन स्वरांमध्ये 'ग' सारखा ऐकू येतो. एकाच शहराचे नाव पूर्वी 'पुसान' व आता 'बुसान' असे लिहिलेले आढळते, त्याचे मूळ यातच आहे.

गोंधळ खरा होतो तो शब्दारंभी. कोरियन साधा 'क' तेथे किंचित श्वासयुक्त व खालच्या सुरात येतो, त्यामुळे मराठी कानाला तो अर्धवट 'ख' वाटतो. याउलट मराठीचा स्वच्छ, अल्पप्राण 'क' कोरियन माणसाला ताणयुक्त 'क्क' च्या जवळचा वाटतो. म्हणजे इंग्रजी पुस्तके ज्या ताणयुक्त वर्णांना अतिकठीण म्हणतात, ते मराठी भाषकास जवळजवळ फुकट मिळतात. कष्ट साध्या वर्णांसाठी घ्यावे लागतात.

'फ' हा 'फळ' मधील खरा ओष्ठ्य महाप्राण उच्चारावा, इंग्रजी वळणाचा दंतोष्ठ्य नव्हे. 'च' हा 'चंद्र' मधला घ्यावा, 'चमचा' मधला नव्हे. कोरियनमध्ये मूर्धन्य वर्ण नाहीत. त्यामुळे 'पेण' हे गावाचे नाव हांगुलमध्ये 'फेन' असे लिहिले जाते आणि कोरियन वाचकास ते लेखणीवाचक इंग्रजी शब्दासारखेच दिसते. 'रोहा' मात्र बिनबोभाट लिहिता येते. शब्दान्ती येणारे क, त, प हे अर्धेच उच्चारावयाचे असतात. ओठ मिटले की 'प' झाला, ते पुन्हा उघडून श्वास सोडावयाचा नाही.

दोन व्यंजने शेजारी आली असता होणारे बदल नवशिक्यांना त्रासदायक वाटतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांची लांबलचक कोष्टके असतात. शालेय मराठी व्याकरणातील व्यंजनसंधी आठवत असेल, तर त्यांपैकी महत्त्वाचा नियम निराळा शिकण्याची गरज नाही. वाक् + मय = वाङ्मय, त्याचप्रमाणे हांगुक + माल = हांगुङ्माल (कोरियन भाषा). जगत् + नाथ = जगन्नाथ, त्याचप्रमाणे क्कुत + नादा = क्कुन्नादा (संपणे). मालिकांमुळे सर्वतोमुखी झालेल्या 'कामसाहाम्निदा' (धन्यवाद) या शब्दातील 'म्' हा लेखनात 'प्' आहे. पुढील 'न' मुळे तो अनुनासिक झाला. फरक इतकाच की संस्कृतात संधी लिहून दाखवितात, कोरियनमध्ये तो केवळ उच्चारतात.

व्याकरण

वाक्याचा क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा मराठीप्रमाणेच असतो व शब्दसंबंध नामाला मागून जोडलेल्या प्रत्ययांनी दाखविले जातात. 'चॉनुन रोहाए कायो' याचा शब्दशः अर्थ 'मी रोह्याला जातो' असा होतो. 'जातो' आणि 'जाते' असा भेद कोरियनमध्ये नाही. क्रियापद लिंग, वचन वा पुरुष यांनुसार बदलत नाही. इंग्रजीतून विचार करून मग कोरियन वाक्य जुळविणारा मराठी विद्यार्थी वाक्य दोनदा उलटे करतो आणि सोपे ते अवघड करून घेतो.

सर्वच प्रत्यय सरळ जुळत नाहीत. मराठीत 'घरात आहे' व 'घरात काम करतो' या दोन्ही ठिकाणी एकच प्रत्यय येतो. कोरियनमध्ये असण्याच्या स्थळी 'ए' आणि क्रिया घडण्याच्या स्थळी 'एसॉ' लागतो : 'चिबे इस्सॉयो', परंतु 'चिबेसॉ इल्हेयो'. हाच 'एसॉ' 'हून' या अर्थीही येतो. विषयदर्शक 'नुन/उन' आणि कर्तृदर्शक 'गा/ई' यांतील भेद तर वर्षानुवर्षे सतावतो. 'मी तर जातो' मधील 'तर' काही ठिकाणी मदतीला येतो, सर्वत्र येत नाही.

आदरार्थी रूपे हा कोरियन भाषेचा कणा आहे. मराठी आदर दाखविते ते बहुवचनाने : 'वडील आले'. कोरियनमध्ये त्यासाठी क्रियापदात 'शी' हा घटक घालतात. 'खाणे' यासाठी साधे 'मॉक्ता' तर वडीलधाऱ्यांसाठी 'तुशिदा', 'झोपणे' यासाठी 'चादा' तर आदरार्थी 'चूमूशिदा' अशी स्वतंत्र क्रियापदेही आहेत. याखेरीज ऐकणाऱ्याचे वय व पद पाहून वाक्याचा शेवट बदलतो. मालिका पाहून शिकणाऱ्यांची येथेच फसगत होते, कारण पडद्यावरील मित्रांची सलगीची भाषा कारखान्यातील अधिकाऱ्याशी वापरणे म्हणजे अनोळखी वृद्धास 'अरे' म्हणण्यासारखे होय. आरंभी 'यो' ने संपणारी रूपेच पक्की करणे सुरक्षित ठरते.

नात्यांच्या शब्दांत बोलणाऱ्याचे लिंग महत्त्वाचे असते. थोरल्या भावाला बहीण 'ओप्पा' आणि भाऊ 'ह्यॉङ' म्हणतो. थोरल्या बहिणीला बहीण 'ऑन्नी' आणि भाऊ 'नूना' म्हणतो. मराठीतील 'दादा', 'ताई' यांप्रमाणेच हे शब्द परक्यांनाही लावतात. कोरियन माणूस 'माझी आई' असे न म्हणता 'ऊरी ऑम्मा' म्हणजे 'आमची आई' म्हणतो, हे मराठी घरात कोणास समजावून सांगावे लागत नाही.

शब्दसंग्रह

मराठीत जसे तत्सम आणि देशी शब्द, तसे कोरियनमध्ये चिनी मूळ असलेले आणि अस्सल कोरियन शब्द आहेत. चिनी मुळाचे घटक ओळखता आले की शब्द गटाने लक्षात राहतात. 'हाक' म्हणजे विद्या. त्यावरून हाक्क्यो (विद्यालय), हाक्सेङ (विद्यार्थी) आणि 'ते' म्हणजे 'महा' जोडून तेहाक (महाविद्यालय, विद्यापीठ). अंकही दुहेरी आहेत : हाना, तूल, सेत हे देशी आणि इल, ई, साम हे चिनी. घड्याळातील तास देशी अंकांनी व मिनिटे चिनी अंकांनी सांगतात, म्हणून साडेतीन म्हणजे 'से शी सामशिप पुन'.

बौद्ध धर्माबरोबर चिनी भाषेमार्गे गेलेले काही संस्कृत शब्द मात्र अकस्मात भेटतात. 'नाराक' म्हणजे नरक, खोल गर्ता. 'छाल्ला' म्हणजे क्षण. 'आसूराजाङ' म्हणजे असुरांचे रणांगण, व्यवहारात गोंधळाची जागा. सर्वांत वाईट दिवस आले ते गंधर्वाला. त्याचा 'कॉन्दाल' झाला आणि अर्थ उरला उनाड, गुंड. अशा शब्दांवरून, अथवा आयुता देशाहून आलेल्या राणीच्या 'साम्गुक यूसा' या तेराव्या शतकातील ग्रंथातल्या कथेवरून, दोन्ही भाषांचे कूळ एक असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. कोरियनचे भाषाकूळ स्वतंत्र मानले जाते.

साधने व परीक्षा

२०१२ मध्ये स्थापन झालेल्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूट प्रतिष्ठानाचे महाजालावरील पाठ विनामूल्य आहेत. स्वयंअध्ययनातील मोठी उणीव म्हणजे चूक दाखविणारे कोणी नसते. स्वतःचा आवाज भ्रमणध्वनीवर मुद्रित करून मूळ ध्वनीशी ताडून पाहणे हा तिच्यावरील अपुरा, पण एकट्याने करता येण्याजोगा उपाय आहे.

'टॉपिक' ही कोरियनची अधिकृत प्रावीण्य परीक्षा १९९७ पासून घेतली जाते. तिचा पहिला भाग २०० गुणांचा असून त्यात श्रवणाचे ३० व वाचनाचे ४० प्रश्न असतात. ८० गुणांस पहिली व १४० गुणांस दुसरी श्रेणी मिळते. तिसरी ते सहावी श्रेणी दुसऱ्या भागात येते व त्यात लेखनही असते. निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. पहिल्या भागात बोलण्याची चाचणी नसल्यामुळे त्या प्रमाणपत्रावरून उमेदवारास कोरियन बोलता येते की नाही, हे कळत नाही. नोकरीसाठी शिकणाऱ्याने मुलाखतीची तयारी निराळी करावी लागते.