पाठीवर घर घेऊन नलारबॉरची वाट

आपल्या बेटाची उत्तर-दक्षिण लांबी साधारण ६५ किलोमीटर. ऑस्ट्रेलियातील नलारबॉरच्या वाटेवर बॅलडोनिया आणि कायगुना या दोन थांब्यांच्या दरम्यान मात्र रस्ता १४६ किलोमीटर सरळ जातो, वळण म्हणून नाही. मॉरिशसच्या दुप्पट लांबीहूनही अधिक अंतर, आणि त्यात ना गाव, ना दुकान. २०२३ च्या जुलै महिन्यात सौ. आणि मी पर्थला पुतण्याकडे गेलो होतो, तेव्हा या वाटेने जाण्याचा योग आला. आपल्या अनेक घरांतली मुले आज पर्थ-मेलबर्नला आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर असा बेत कधीतरी निघणारच, म्हणून हा अनुभव थोडा सविस्तर लिहितो.

पुतण्याने आपल्या पिक-अप गाडीवर, म्हणजे आपण क्रियोलमध्ये जिला कामियोनेत म्हणतो तिच्यावर, एक घर बसवले होते. या घराला तिकडे पॉप-अप कॅम्पर म्हणतात. गाडी चालताना त्याचे छप्पर खाली बसलेले असते, त्यामुळे वारा अडत नाही आणि वळणावर गाडी डोलत नाही. मुक्कामाला पोहोचले की चार कोपऱ्यांचे खटके काढून छप्पर वर ढकलायचे. मग भोवती जाड कापडाच्या भिंती उभ्या राहतात आणि माणूस आत ताठ उभा राहू शकतो. चालकाच्या डोक्यावर येणाऱ्या भागात दोघांचा बिछाना, खाली बाक, दोन चुलींची गॅस शेगडी, पाण्याची टाकी आणि पेटीसारखा वरून उघडणारा फ्रीज. छान दिसते. पण गाडीला हे सगळे झेपते का, हा पहिला प्रश्न.

पुतण्याच्या गाडीची भार वाहण्याची मर्यादा ९५० किलो होती. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. मी वही घेऊन बसलो. कॅम्परचे रिकामे वजन ४८०. आम्ही तिघे मिळून २१०. गाडीच्या पुढच्या भागाला कांगारूपासून संरक्षण म्हणून लावलेला लोखंडी कठडा ६०. टाकीतले पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. झाले ८३०. उरलेल्या १२० किलोंत बॅटऱ्या, गॅस, हत्यारे, जादा चाक, डिझेलचा डबा, कपडे आणि सौ.चा स्वयंपाकघरातला संसार! मर्यादा ओलांडली तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय दोन रांगांच्या गाडीत कॅम्परचा मागचा भाग मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबतो, आणि खराब रस्त्यावर त्या ओझ्याने सांगाडा वाकल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलियात पुष्कळ आहेत. कारखान्यात उसाच्या गाड्या तोलतात तशा काट्यावर आम्ही सगळे सामान भरून गाडी तोलली. ३० किलो जास्त भरली. बिडाचा तवा घरी राहिला, त्याबद्दल सौ. आजही बोलून दाखवतात.

आता विजेचे. इथे मला थोडा अभिमान होता हे कबूल करतो, कारण माझी सगळी नोकरी साखर कारखान्यात विजेचे काम करण्यात गेली. सौ.ना मधुमेह आहे. आपल्या बेटावर हा आजार नसलेले घर शोधावे लागेल. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. ते फार तापले तर बिघडते आणि गोठले तर फेकूनच द्यावे लागते. तेव्हा आमच्या दृष्टीने त्या घरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू फ्रीज, आणि बाकी सगळी वीज त्याच्यासाठी.

हिशेब असा मांडला. थंडीच्या दिवसांत फ्रीजला दिवसाला २० ते २५ अँपिअर-तास, दिवे, फोन आणि पाण्याच्या पंपाला ८, डिझेलवर चालणाऱ्या हीटरच्या पंख्याला १०. एकूण ३८ ते ४३. पुतण्याने १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या होत्या. जुन्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर ती लवकर मरते. लिथियममधून ८० टक्के सहज काढता येते, आणि वजनही निम्म्याहून कमी. म्हणजे सूर्य दिसला नाही तरी तीन दिवस निभावतील. मात्र पारा शून्याखाली असताना ही बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते, म्हणून ती बाहेर न ठेवता आत बाकाखाली बसवली. छपरावर २०० वॉटचे सोलर पॅनेल. त्यावर २०० लिहिले आहे म्हणून २०० मिळतील असे समजू नये. जुलैत तिकडे सूर्य खाली असतो आणि पॅनेल छपरावर आडवे, त्यामुळे दिवसभरात ३० अँपिअर-तास मिळाले तरी समाधान मानावे. झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी निम्म्याहून अधिक वीज जाते. उरलेली तूट गाडी चालताना इंजिनाकडून एका खास चार्जरमार्फत भरून निघते. दोन तासांच्या प्रवासात आम्हाला ५० मिळत.

तिसऱ्या दिवशी कायगुनाच्या पुढे रस्त्यापासून आत मुक्काम केला. भोवती खुरटी झुडपे, आणि आकाशात इतके तारे की सौ. थंडीतही बाहेर बसून राहिल्या. पहाटे पाचला त्या इन्सुलिन घ्यायला उठल्या आणि मला हाक मारली, “अहो, फ्रीजचा दिवा का असा लुकलुकतोय?”

फ्रीज बंद होता. आतले तापमान ११ अंश. बॅटरीचा मीटर मात्र म्हणत होता की ७८ टक्के वीज शिल्लक आहे, १३.१ व्होल्ट. पुतण्या म्हणाला, “काका, बॅटरी तर भरलेली आहे!” मी माझा छोटा मीटर काढून फ्रीजच्या टोकाशी लावला. फ्रीज सुरू होताना तिथे जेमतेम ११.४ व्होल्ट येत होते. फ्रीजला वाटे की बॅटरी संपत आली, आणि ती वाचवण्यासाठी तो आपणहून बंद पडे.

मधले व्होल्ट गेले कुठे? तारेत. पुतण्याने दुकानातून ४ मिलिमीटरची तार आणली होती आणि मला दाखवून विचारलेही होते, “काका, चालेल ना?” मी म्हणालो होतो, हवी त्यापेक्षा जाडच आहे. आमच्या कारखान्यात ४ म्हणजे आतल्या तांब्याचे ४ चौरस मिलिमीटर. ऑस्ट्रेलियात मोटारीच्या तारेवर लिहिलेले ४ म्हणजे वरच्या आवरणासकट तारेची जाडी, आणि आत तांबे १.८४ चौरस मिलिमीटर! त्यात फ्रीज जोडला होता सिगारेट पेटवण्याच्या जागी बसणाऱ्या प्लगवर, जो खडबडीत रस्त्याने ढिला झाला होता. घरातल्या २३० व्होल्टमध्ये एक-दोन व्होल्ट गळाले तर कोणाला कळतही नाही. १२ व्होल्टमध्ये तेवढ्याने घर बंद पडते. चूक पुतण्याची नव्हती. तार मी पास केली होती.

थंडीने लाज राखली. बाहेर पारा ४ अंशांवर होता, म्हणून फ्रीज बंद असूनही आत ११ च्या वर गेला नाही. हाच प्रकार जानेवारीत घडता तर औषध सांगता आले नसते. सोलर पॅनेलसाठी आणलेली ६ चौरस मिलिमीटरची खरी जाड तार थोडी उरली होती. तिने फ्रीज थेट बॅटरीला जोडला, बॅटरीजवळ फ्यूज घातला आणि तो प्लग काढून टाकला. त्यानंतर एकदाही तक्रार नाही. सौ.नी इन्सुलिन टॉवेलात गुंडाळून मधल्या टोपलीत ठेवले, कारण पेटीच्या तळाशी आणि भिंतीला लागून बर्फ धरतो.

पुढच्या लोकांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. भात शिजवायचा विजेचा कुकर नेऊ नये. हजार वॉटच्या वस्तूला १२ व्होल्टच्या बॅटरीतून नव्वद अँपिअर ओढावे लागतात. गॅसवर प्रेशर कुकर बरा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचे कपाट घरापासून बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक हवेच. शेगडी पेटवून ऊब घेऊ नये, आणि कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारे यंत्र लावावेच. स्वयंपाक करताना कापडाची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर रात्री वाफेचे थेंब अंगावर पडतात. पाणी जपून वापरा, वाटेत ते मिळेलच असे नाही. आणि पूर्वेकडे जाताना सेदुनाला तपासणी असते, तिथे फळे आणि टोमॅटो काढून घेतात. आदल्या रात्री आम्ही उरलेल्या सगळ्या टोमॅटोंची रुगाय केली आणि फराट्यांबरोबर संपवली. तवा नसल्यामुळे फराटे पातेल्याच्या झाकणावर भाजले.

घरी परतल्यावर मी एक बॅटरी आणि तसलाच छोटा फ्रीज घेतला. १९७५ च्या जर्व्हेझ वादळानंतरचे अंधारातले दिवस मला आठवतात. तेव्हा आमच्या घरात इन्सुलिन घेणारे कोणी नव्हते. दुकानात तार मागताना दुकानदाराला तीनदा विचारले, “चौरस मिलिमीटर ना?” तो हसला. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळ आले आणि आमच्याकडची वीज गेली, तेव्हा फ्रीज जेवणाच्या टेबलाखाली चालू होता. दुपारी शेजारच्या आजींच्या सूनबाई एक डबी घेऊन आल्या. त्यांचेही इन्सुलिन मधल्या टोपलीत ठेवले.