अकोला ते नांदेड : विमानाने किती मिनिटे?

वाशीम जिल्ह्यातील अनसिंगच्या उत्तरेला अकोल्याजवळ शिवणीचा विमानतळ आहे आणि दक्षिणेला नांदेडचा. समजा, या दोहोंमध्ये एखादे जेट विमान उडवले, तर त्याला किती वेळ लागेल? (शिवणीची धावपट्टी मोठ्या जेटला पुरणारी नाही, पण गणिताला त्याची अडचण नाही.)

आधी अंतर काढू. शिवणी सुमारे २०.७० उत्तर अक्षांश व ७७.०६ पूर्व रेखांशावर आहे, नांदेडचा विमानतळ १९.१८ व ७७.३२ वर. अक्षांशांतील फरक १.५२ अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले, तर १६९ किलोमीटर झाले. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा आखूड होतो. आपल्याकडे, विसाव्या अक्षांशाजवळ, तो १११ गुणिले कोज्या २०, म्हणजे १०४ किलोमीटर भरतो. तेव्हा ०.२६ अंशाचे २७ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा. उत्तर येते सुमारे १७१ किलोमीटर. ही रेषा वाशीम शहराजवळून, अनसिंगच्या थोडी पश्चिमेकडून जाते.

जेटचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर या अंतराला जेमतेम १३ मिनिटे लागतील. भागाकार बरोबर आहे. उत्तर मात्र साफ चुकीचे!

कारण ८०० चा वेग हा दहा किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतला आहे. तेवढ्या उंचीवरून प्रवाशांना त्रास न होता सावकाश उतरायचे, तर विमान जमिनीला टेकेपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पुढे जाते. म्हणजे नांदेडला उतरण्याची सुरुवात अकोल्याहून उड्डाण करण्यापूर्वीच करायला हवी! प्रत्यक्षात विमान थोडेसेच वर चढेल आणि लगेच उतरू लागेल. तीन किलोमीटरांच्या खाली तर वेग साधारणतः ताशी ४६० किलोमीटरांच्या आत ठेवावा लागतो. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वळसा घेणे हे आलेच. सगळे धरता अर्ध्या तासाहून कमी वेळात हा प्रवास होणे कठीण.

लांबच्या प्रवासात चढउताराचा हिस्सा कमी होतो, पण तेथे वारा आडवा येतो. मुंबई-कोलकाता ही रेषाही वाशीम जिल्ह्यावरूनच जाते. अंतर सुमारे १,६६० किलोमीटर. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. वारा ताशी १०० किलोमीटरचा धरू. चढउतार सोडून दिला, तर कोलकात्याकडे जाताना वेग ९०० होतो आणि १ तास ५१ मिनिटे लागतात. परतताना वेग ७००, वेळ २ तास २२ मिनिटे. एकूण ४ तास १३ मिनिटे. वारा नसता तर ४ तास ९ मिनिटेच लागली असती. जाताना मिळालेला फायदा येताना फिटला, असे झाले नाही. कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ उडत राहिले.

ही चार मिनिटे प्रवाशाला जाणवणार नाहीत. वैमानिकाला मात्र त्यांचा हिशोब ठेवावाच लागतो. इंजिन इंधन जाळते ते जमिनीवरच्या किलोमीटरांप्रमाणे नव्हे, हवेत काढलेल्या वेळाप्रमाणे. म्हणून इंधन भरताना त्या दिवशीचा वारा पाहतात. शिवाय ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल इतके, आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके इंधन बरोबर घेतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी २०० किलोमीटर केला, तर येण्याजाण्याचा जादा वेळही दुप्पटच होईल का? वहीत करून पाहा.