पिसं झडण्याचे दिवस

अमेरिकेत मार्च महिना सरत आला की शिकारी पक्षी पाळणाऱ्या बाजदाराची शिकार थांबते. ससे आणि खारींचा हंगाम आटोपलेला असतो, आणि हातावरच्या पक्ष्याची पिसं झडायला येतात. बाजदारीवर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. झेप, पंजा, चामडी हातमोजा, पायातली घुंगरं यांची वर्णनं झाली की त्यांचं समाधान होतं. मला विचाराल तर या कलेची पारख पुढच्या पाच-सहा महिन्यांत होते.

तिथल्या नवशिक्याच्या हाती बहुधा रेडटेल येतो, म्हणजे लाल शेपटीचा दांडगा शिकारी पक्षी. त्याआधी लेखी परीक्षा आणि पक्षीघराची तपासणी, मग जाणत्या बाजदाराच्या हाताखाली किमान दोन वर्षांची उमेदवारी, एवढं सगळं कायद्याने ठरवून दिलेलं आहे. पक्षी रानातला, वर्षाच्या आतला, बहुतेक वेळा शरदात पकडलेला. पकडायचं साधन मात्र आपल्याकडचं: बालछत्री. एक छोटा पिंजरा, आत जिवंत उंदीर आणि वर फासांची दाटी. भारतातल्या पक्षी पकडणाऱ्यांनी घोड्याच्या केसांचे फास लावून ही युक्ती बसवली. तिकडे आता फास नायलॉनचे असतात, नाव तेच राहिलं आहे. पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे शास्त्रज्ञही हीच वापरतात.

गंमत अशी, की या कोवळ्या रेडटेलची शेपटी लाल नसते. ती तपकिरी, आडव्या पट्ट्यांची असते. लाल पिसं येतात ती पहिल्या झडीनंतर. कित्येक बाजदार हिवाळाभर शिकार करून वसंतात पक्षी सोडून देतात. त्यांना आपल्या पक्ष्याची लाल शेपटी बघायलाच मिळत नाही.

जे ठेवतात, त्यांचं वेळापत्रक उलटं होतं. हंगामात पक्षी रोज तराजूवर चढतो. थोडी भूक ठेवली तरच तो शिकारीवर जातो आणि हातावर परत येतो, म्हणून ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब. झडीच्या दिवसांत हा हिशेब बंद. लाव्हे, उंदीर, कोंबडीची पिल्लं, खाईल तितकं द्यायचं. पीस वाढत असताना उपासमार झाली तर त्यावर आडवी कमजोर रेघ उमटते, आणि हिवाळ्यात ते नेमकं तिथेच मोडतं. नव्या पिसाच्या दांडीत रक्त खेळत असतं, धक्का लागला तर पीस कायमचं बिघडू शकतं. म्हणून पक्ष्याला फारसा हातही लावायचा नाही. तो थोडा रानटी होतो. होऊ द्यायचा.

गळालेली पिसं जपून ठेवतात. पुढे एखादं पीस मोडलं, तर त्याच्या पोकळ बुडख्यात बांबूची बारीक काडी बसवून त्यावर जुनं पीस डिंकाने जोडतात. पूर्ण वाढलेल्या पिसाला ना रक्त ना वेदना, त्यामुळे पक्ष्याला काही जाणवत नाही. हे कलम पुढच्या झडीपर्यंत टिकलं की पुरे.

हात रिकामा असला की बाजदार रानातल्या पक्ष्यांकडे वळतो. उन्हाळ्यात शहरांतल्या झाडांवरसुद्धा कूपर्स हॉक या शिकारी पक्ष्याची घरटी असतात. तिथे त्याला बंद पक्षीघरातल्या झडीचा अर्थ लागतो. मादी अंडी उबवायला बसते आणि नर शिकार आणून देतो. उडायची गरज कमी असते त्याच काळात तिची पिसं झडू लागतात. नराची झड उशिरा सुरू होते, कारण घर त्याच्यावर चाललेलं असतं. पक्षीघरात मांस टाकणारा बाजदार त्या नराचंच काम करत असतो. हे ज्याला उमगलं, त्याला पक्षी कळला असं मी म्हणेन.

याच जाणकारीने अमेरिकेतला बहिरी ससाणा वाचवला. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन ती घरट्यातच फुटत. १९६५च्या सुमारास मिसिसिपी नदीच्या पूर्वेला बहिरीची एकही वीण उरली नव्हती. स्वतः बाजदार असलेले पक्षिशास्त्रज्ञ टॉम केड यांनी १९७० साली कॉर्नेल विद्यापीठात पेरेग्रीन फंड सुरू केला. बाजदारांनी आपले पक्षी विणीसाठी दिले. पिल्लं उंच मनोऱ्यांवर ठेवून, माणूस दिसू न देता, ती स्वतः शिकार करू लागेपर्यंत खाऊ घालायची, ही पद्धतही बाजदारीतलीच, जुनी. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली, ४०००हून अधिक बहिरी सोडले गेले, आणि १९९९ साली हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला.

पण म्हणून बाजदारी निर्दोष ठरत नाही. आखाती देशांतल्या हौसेपायी ससाण्यांची तस्करी होते, आणि युनेस्कोने २०१० साली या कलेला वारसा म्हटल्याने ती थांबली नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिक्रा किंवा ससाणा पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. तरीही उन्हाळ्यात आपल्या सोसायटीच्या आवारात शिक्र्याचं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसू शकतं. उडायला शिकताना पिल्लं अशी खाली येतात, आणि आईबाप बहुधा जवळच्याच फांदीवर असतात. उचलून घरी नेऊ नका. मांजर-कुत्र्यांना दूर ठेवा, आणि पिल्लू जखमी असेल तरच वनविभागाला कळवा.