शेवटच्या वर्षाचा ॲनिमेशनपट : विषय कसा निवडावा?

चित्रातील पात्र चालते, वाकते, रुसते, घाबरते. निर्जीव चित्रात असा जीव ओतण्याच्या कलेला पात्र-ॲनिमेशन म्हणतात. संगणकावरील हे काम आता पदवीला शिकवले जाते आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःचा एक छोटा चित्रपट करावा लागतो. नोकरी मागताना गुणपत्रिकेपेक्षा तोच अधिक पाहिला जातो. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावातून शहरात शिकायला गेलेल्या मुलाला घरी या विषयात सल्ला देणारे बहुधा कोणी नसते. तो आपल्या जुन्या शिक्षकांकडेच येणार. म्हणून या निवडीचे शास्त्र आपणही समजून घेऊ.

प्रथम साधे गणित. चित्रपटात दर सेकंदाला २४ चित्रे लागतात, म्हणजे मिनिटाला १४४०. दिवसाला ३ सेकंदांची हालचाल पुरी होते असे धरले, तर ५ मिनिटांच्या चित्रपटाला १०० दिवस हवेत. शिवाय छायाप्रकाशासह प्रत्येक चित्र तयार करायला संगणकाला समजा १० मिनिटे लागली, तर ७२०० चित्रांसाठी एक संगणक ५० दिवस अहोरात्र चालला पाहिजे, तोही वीज न जाता! निक पार्क यांनी १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये विद्यार्थी असताना मातीच्या बाहुल्यांचा ‘अ ग्रँड डे आउट’ सुरू केला. तो पूर्ण झाला १९८९ मध्ये, आणि तेही एका स्टुडिओची मदत मिळाल्यावर. सर्वांनाच अशी मदत आणि इतकी वर्षे मिळत नाहीत. अर्धवट राहिलेल्या दहा मिनिटांपेक्षा पूर्ण झालेले एक मिनिट केव्हाही मोलाचे.

आता संगणक नेमके काय करतो ते पाहू. पात्राच्या आत सांध्यांचा एक सांगाडा बसवलेला असतो. हालचालीतील महत्त्वाच्या स्थिती माणूस ठरवतो, मधल्या स्थिती संगणक हिशेबाने भरतो. पण घमेले रिकामे आहे की भरलेले, हे संगणकाला कळत नाही. भरलेले घमेले उचलणारी बाई आधी पाय रोवते, कंबरेतून वाकते, क्षणभर थांबते आणि मगच उठते. हा क्षण कोठे आणि किती, हे पाहणाऱ्या डोळ्यालाच सांगता येते.

म्हणून विषय पाहिलेल्या जगातला असावा. जॉन लॅसेटर यांच्या ‘लक्सो ज्युनियर’ (१९८६) मध्ये टेबलावरचे दोन दिवे आहेत, एक मोठा, एक लहान. त्यांना ना डोळे, ना तोंड. तरी केवळ हालचालीवरून ते पालक आणि मूल वाटतात. याच लॅसेटर यांनी विद्यार्थी असताना १९७९ मध्येही दिव्यांवरच चित्रपट केला होता.

आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ थांबून थांबून चित्रित केली. पडद्यावर अंकुर भराभर वर आला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी त्यांनी हा छोटा चित्रपट केला होता. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कुंडी, कॅमेरा आणि चिकाटी एवढ्यावर झालेला तो एक उत्तम ‘प्रकल्प’च म्हणायचा!

गोरेगावच्या विद्यार्थ्याने परदेशी महावीराची नक्कल का करावी? हिंगोलीच्या परिसरात हळद शिजवून वाळत घालतात. गरम हळदीचे घमेले उचलताना ओझे आणि चटका दोन्ही सांभाळावे लागतात. हातांची ती घाई आणि पाठीचा तो संथपणा त्याने जवळून पाहिलेला असतो. एक पात्र, एक जागा, एक अडचण आणि शेवटी पात्राच्या मनात झालेला एक बदल, एवढे साहित्य मिनिटभराला पुरते.

विषय ठरवण्यापूर्वी विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट संवादाशिवाय कळेल का? ही हालचाल तू स्वतः पाहिली आहेस का? उरलेल्या दिवसांत एवढी चित्रे होतील का?

याची पूर्वतयारी शाळेतही करता येईल. एका मुलाला रिकामी आणि नंतर पाण्याने भरलेली बादली उचलायला सांगा. शरीराचा कोणता भाग आधी हलला, हे इतरांनी टिपावे आणि प्रत्येकी तीन स्थितींची रेखाचित्रे काढावीत. बादली झाकूनही ती भरलेली आहे हे चित्रांवरून ओळखू आले, तर मुलांना या कलेचा पहिला धडा मिळाला असे समजावे.