किनाऱ्यावरची रिकामी जाळी

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा कसा संपला हे आता पाठ्यपुस्तकांतही आलं आहे. अधाशी ट्रॉलर, २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी जाहीर केलेली मासेमारीबंदी, सुमारे तीस हजार लोकांचा गेलेला रोजगार. मला मात्र कित्येक वर्षं छळतो आहे तो निराळाच प्रश्न. त्या समुद्रातल्या माशांची मोजणी दरवर्षी होत होती. हुशार, प्रामाणिक शास्त्रज्ञ ती करत होते. तरीही कागदावरचा मासा वाढत गेला आणि पाण्यातला आटत गेला, हे झालं कसं?

उत्तर शोधताना हाती लागलं ते कॅबट मार्टिन यांचं नाव. पेशानं वकील, आधी प्रांतिक सरकारचे तेलधोरणाचे सल्लागार. १९६८ साली एका वर्षात आठ लाख टनांवर कॉड उपसला गेला होता, त्यातला बहुतेक परदेशी जहाजांनी; १९७७ साली कॅनडानं दोनशे सागरी मैलांपर्यंत हक्क सांगून त्यांना बाहेर काढलं, आणि त्यांची जागा कॅनडाच्याच ट्रॉलरांनी घेतली. पण १९८२ नंतर किनाऱ्यालगतच्या छोट्या होड्यांना मासा मिळेना. मत्स्यखातं म्हणे, साठा वाढतो आहे. पाणी थंड असल्यामुळे मासा किनाऱ्याकडे येत नसेल. या होडीवाल्यांची संघटना मार्टिन यांनी उभी केली आणि मेमोरियल विद्यापीठातल्या कीट्स, स्टील आणि ग्रीन या तीन जीवशास्त्रज्ञांकडून खात्याचं गणित तपासून घेतलं. साल १९८६.

ते गणित समजून घेण्यासारखं आहे. कॉडच्या कानात चुन्याचा खडा असतो. तो मधोमध कापून भिंगाखाली धरला की वर्षावर्षाची वलयं मोजता येतात, माशाचं वय कळतं. आता १९७० साली जन्मलेली पिढी घ्या. ती तीन वर्षांची असताना किती पकडली गेली, चार वर्षांची असताना किती, अशी शेवटपर्यंत बेरीज करायची आणि दरवर्षी शंभरातले अठराएक मासे आपल्या मरणानं मरतात असं धरायचं. मग मुळात त्या पिढीत किती मासे होते ते उलट मोजत काढता येतं. संपलेल्या पिढीबद्दल हे गणित चोख बोलतं. अडचण जिवंत पिढीची. आज पाच वर्षांचे असलेले मासे पुढे किती सापडतील हे कुणाला ठाऊक? आणि कोटा तर त्यांच्याच जिवावर ठरायचा. तिथे बाहेरची साक्ष काढावी लागते.

खात्याकडे साक्षी दोन होत्या: संशोधन जहाजाची वार्षिक पाहणी, आणि ट्रॉलरना ताशी मिळणारा मासा. हा ताशी मासा वाढत होता. का वाढणार नाही? कप्तान दरवर्षी शहाणे होत होते, यंत्रं सुधारत होती, मासा नेमका कुठे आहे ते सोनार दाखवत होतं. त्यात कॉडची खोड अशी, की संख्या घटली तरी उरलेले मासे दाटीनंच राहतात. शेवटच्या थव्यातही जाळं भरून निघतं.

किनाऱ्यावरचा कॉड ट्रॅप मात्र माशाचा पाठलाग करत नाही. आपल्या कोळ्यांच्या डोल जाळ्यासारखा तो एका जागी रोवलेला असतो. चार भिंती, तळ आणि एक दार असलेली जाळ्याची खोली; दारापासून किनाऱ्यापर्यंत ताणलेली लांब जाळी. उन्हाळ्यात कॅपलिन या छोट्या माशामागे आलेला कॉड त्या जाळीला अडतो, कडेकडेनं सरकतो आणि खोलीत शिरतो. मासा आलाच नाही तर खोली रिकामी. माझ्या मते त्या दशकातली सगळ्यात भरवशाची साक्ष हीच होती आणि गणितात तिला जागा नव्हती.

कीट्स, स्टील आणि ग्रीन या तिघांनी खात्याचेच जुने अंदाज काढले आणि त्याच वर्षांबद्दल पुढे काय म्हटलं गेलं ते शेजारी मांडलं. नवा आकडा जुन्यापेक्षा खाली येत होता. चूक दोन्ही बाजूंना पडली असती तर नशीब म्हणून सोडता आलं असतं. ती एकाच बाजूला पडत होती. खात्यानं अहवाल मनावर घेतला नाही.

१९८९ साली मात्र खात्याच्या शास्त्रज्ञांनाच कबूल करावं लागलं की मासेमारी ठरल्याच्या निदान दुप्पट वेगानं चालली आहे. कोटा होता २ लाख ६६ हजार टन. धोरणाप्रमाणे तो १ लाख २५ हजारांवर यायला हवा होता. तेव्हाच्या मंत्र्यांनी २ लाख ३५ हजार ठरवला. आकडा उशिरा का होईना खरा निघाला होता, आणि तेव्हाही तो वापरला गेला नाही. याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. थंड पाण्याची सबब तर जेफ्री हचिंग्ज आणि रॅन्सम मायर्स या शास्त्रज्ञांनी १९९४ साली खोडूनच काढली: साठा बुडाला तो अतिमासेमारीनं.

१९९५ पासून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ठरल्या जागी, ठरल्या जाळ्यांनी मोजणीपुरती मासेमारी करायला नेमलं गेलं. शास्त्रज्ञ नोएल कॅडिगन यांच्या २०१६ च्या गणिती प्रारूपात संशोधन जहाजाच्या पाहणीबरोबर त्यांचेही आकडे आहेत आणि नैसर्गिक मृत्यूचा दर वर्षागणिक बदलू दिला आहे. प्रारूप म्हणून ते आधीच्या गणितापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

साठा ज्याखाली गेला की धोक्यात मानला जातो ती रेषा पूर्वी १९८० च्या दशकातल्या साठ्याच्या सरासरीवर होती. २०२३ साली प्रारूप १९५४ पर्यंत मागे नेलं गेलं आणि ही रेषा बरीच खाली आली. समुद्रात एकही मासा न वाढता साठा धोक्याच्या पट्ट्यातून सावधगिरीच्या पट्ट्यात गेला, तोही २०१६ पासूनच तिथे असल्याचं ठरून. जास्त वर्षांची माहिती घेतल्यावर रेषा बदलू शकते, हे शास्त्र म्हणून मला मान्य आहे. पण जून २०२४ मध्ये बत्तीस वर्षांची बंदी उठवून १८ हजार टनांचा कोटा दिला गेला, तो मला पटत नाही. निदान किनाऱ्यावरच्या जाळ्यांत आणखी काही वर्षं काय येतं ते पाहायला हवं होतं.