कार्ड बदलण्याआधी तार तपासा

डोंबिवली एमआयडीसीत देखभाल विभागात काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: पावसाने जोर धरला की रिॲक्टरचं तापमान पीएलसीच्या (प्रक्रिया चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाच्या) पडद्यावर चार-पाच अंशांनी कमी दिसतं. इनपुट कार्ड बदललं, तरी फरक नाही. उघडीप पडली की आकडा आपोआप ताळ्यावर येतो. दोष कुठे असेल?

दोषाचा पत्ता प्रश्नातच आहे. ऊन पडल्यावर बरा होणारा दोष कार्डात किंवा प्रोग्रॅममध्ये सहसा नसतो. तो बाहेर, ओलाव्यात असतो.

रिॲक्टरमधला पीटी-१०० म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा रोध १०० ओहम, शंभर अंशांना १३८.५. पीएलसीला तापमान कळत नाही, कळतो तो फक्त हा रोध. आता जंक्शन बॉक्सच्या ग्लँडमधून पाणी झिरपलं, टर्मिनलवर आधीच बसलेली धूळ भिजली आणि विजेला दोन स्क्रूंमधून चोरवाट मिळाली. ही वाट १० हजार ओहमची असली, तरी १३८.५ चे १३६.६ होतात आणि १०० अंशांच्या जागी ९५ दिसतात. तार तुटली असती तर रोध अनंत झाला असता आणि नीट बसवलेल्या यंत्रणेने लगेच अलार्म दिला असता. ९५ वर मात्र कुणालाच शंका येत नाही. पीएलसी वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो. पटण्याजोगं खोटं वाचन बंद पडलेल्या सेन्सरपेक्षा घातक, ते यामुळे.

इथे प्लॅटिनमच्या थर्मामीटरला विश्वासार्ह करणाऱ्या ह्यू कॅलेंडर यांची आठवण काढायलाच हवी. प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजण्याची कल्पना विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये मांडली. पण भट्टीत तापवून काढलं की त्यांच्या थर्मामीटरचं वाचन बदलायचं, आणि शास्त्रज्ञांचा त्यावरचा विश्वास उडाला. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या तरुण कॅलेंडर यांनी १८८६ मध्ये दाखवून दिलं की प्लॅटिनम निर्दोष आहे. तार शुद्ध ठेवली, तिच्यावर ताण येऊ दिला नाही आणि भट्टीतल्या वायूंपासून ती जपली, तर वाचन टिकतं.

सेन्सरपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या तारांनाही रोध असतो. कॅलेंडर यांनी या तारांच्या शेजारून तशाच तारांची रिकामी जोडी नेली आणि तिचा रोध वजा केला. तेलासाठी आपलं भांडं नेलं की वाणी आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा, तसंच हे. आजच्या पीटी-१०० ची तिसरी तार हाच धडा करते. पण धडा बिनचूक व्हायला तिन्ही तारा सारख्या हव्यात. एकाच तारेचा स्क्रू गंजला, रोध ओहमभर वाढला, की आकडा अडीच अंशांनी सरकतो. वर की खाली, ते कोणती तार गंजली यावर ठरतं.

आता तपास. प्रॉडक्शनला कळवून, लूप मॅन्युअलवर घेऊन, पाऊस चालू असतानाच तो करा. सुकलेला दोष सापडत नाही. जंक्शन बॉक्समध्ये सेन्सर सोडवा आणि त्याच टर्मिनलवर १०० ओहमचा अचूक रेझिस्टर लावा. पडद्यावर शून्य आलं तर तिथून कार्डापर्यंत सगळं ठीक, दोष सेन्सरच्या बाजूला. उणे अडीच आलं तर १० हजार ओहमची ती चोरवाट बॉक्समध्ये किंवा पुढच्या केबलमध्ये आहे. टर्मिनल पुसून, सुकवून पुन्हा पाहा. तरीही आकडा हलला नाही तर रेझिस्टर थेट कार्डावर लावा. तिथे शून्य आलं की कार्ड सुटलं, केबल अडकली.

एआय बिघाड आधीच ओळखेल, असं सांगणारी सॉफ्टवेअर सध्या जोरात विकली जातात. पण ९५ चा आकडा त्यांच्याकडेही ९५ म्हणूनच पोचतो. शंका घ्यायला दुसरा साक्षीदार लागतो. म्हणून रिॲक्टरवर दुसरा, वेगळ्या केबलचा सेन्सर आणि पीएलसीवर अवलंबून नसलेला हाय-टेंपरेचर कटआउट यांवर आधी पैसे खर्च करावेत.

डोंबिवलीत कारखाने आणि राहती घरं यांच्यात फारसं अंतर नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट या शहराने सोसले आहेत. त्यांचा या बिघाडाशी संबंध जोडायचा नाही. पण इथे रिॲक्टरचं तापमान ही शेजाऱ्यांच्याही जिवाची बाब आहे. ग्लँड घट्ट करणं, बॉक्सचं गॅस्केट बदलणं, केबल बॉक्सच्या खालच्या बाजूने आत घेणं ही कामं मे संपण्याआधी झालीच पाहिजेत, आणि ती करणाऱ्या माणसाला त्यासाठी हक्काचा शटडाउन मिळालाच पाहिजे.