कॅल्शियमची गोळी : मात्रा ओळखा, वेळ पाळा



बोरघाट उतरला की खोपोली लागते. तिथून खालापूर आणि कर्जत, रायगडचे आतले दोन तालुके. मुलूख भाताचा. भात निघालं की तिथली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला बाहेर पडतात, जशा आपल्या फडावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यात एखादी बाई गरोदर असली, तर गावाबरोबर तिच्या गोळ्याही सुटायची भीती असते. या गोळ्या आता आपल्याही घरोघरी आल्या आहेत. त्या कशा घ्यायच्या, हे नीट समजून घेऊ.

गरोदर व बाळंतीण

केंद्र शासनाच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे गरोदरपणाचे १४ आठवडे झाले की कॅल्शियमच्या रोज २ गोळ्या सुरू करायच्या, त्या बाळंतपणानंतर ६ महिन्यांपर्यंत. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व २५० युनिट ड जीवनसत्त्व असतं. एक सकाळी, एक संध्याकाळी, जेवणासोबत. उपाशीपोटी नको, दोन्ही एकदम नकोत.

रक्तवाढीची लोहाची गोळी वेगळी. ती कॅल्शियमबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. दोहोंमध्ये किमान २ तासांचं अंतर ठेवा.

आठवड्याची पुडी रोज नको

सर्वांत मोठा धोका इथे आहे. ड जीवनसत्त्वाची पुडी किंवा कॅप्सूल ६०,००० युनिटची मिळते. माणसाची रोजची गरज सुमारे ६०० युनिट, म्हणजे एका पुडीत १०० दिवसांचा भरणा! डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच देतात. कुणी ती रोज घेतली, तर हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून न जाता अंगात साठत जातं. रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंड बिघडतं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, फार तहान, वारंवार लघवी, सुस्ती ही त्याची लक्षणं. अशा वेळी गोळ्या थांबवा आणि रिकाम्या पाकिटांसह दवाखाना गाठा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे व चौक इथे ग्रामीण रुग्णालयं आहेत.

युरिया जास्त पडला तर ऊस नुसता माजतो, लोळतो आणि उतारा घटतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अंगाचंही तसंच आहे.

आधी डॉक्टरांना विचारा

मुतखडा झालेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आपल्या मनाने कॅल्शियम सुरू करू नये. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत ४ तास सोडावेत. काही जंतुनाशक औषधांनाही कॅल्शियम अडवतं. म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवावीत.

पाकीटही वाचावं. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असलं, तरी त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं. दोन कंपन्यांची एकच गोळी दोनदा घेतली जात नाही ना, हेही पाहावं.

ताट आणि ऊन

१०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भातात ते नाममात्र. कर्जत-खालापूरच्या वरकस जमिनीत नाचणी पिकते, ती ताटातही यावी. दूध, दही, तीळ आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळीही चांगली. शेतात राबणाऱ्याला ऊन मिळतं. पहाटेची लोकल धरून अंधारात परतणाऱ्याला ते मिळत नाही. त्याने सुट्टीच्या दिवशी थोडं अंगावर घ्यावं.

शेवटी एक विनंती. आपल्या फडावर टोळी उतरली आणि तिच्यात कुणी गरोदर असली, तर आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंना कळवा. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर असू द्या. गाव सुटलं तरी गोळी सुटू नये, एवढं आपल्या हातात आहे.